पोलादावरचे शिक्के

पहिल्या महायुद्धातले वेब्ली मार्क सिक्स रिव्हॉल्व्हर हाती आले, की जाणकार आधी ते रिकामे असल्याची खात्री करून घेतो आणि मग भिंग घेऊन उजेडाकडे नेतो. सांगाड्यावर ठोकलेले वर्ष, अनुक्रमांक, बाणाच्या टोकासारखी सरकारी मालकीची खूण, तपासनिसाचा मुकुट आणि त्याखालचे अक्षर, चाचणीचा ठसा, क्वचित मुठीच्या मागच्या पट्टीवर पलटणीचे नाव. हे हत्यार कुणी मागवले, कुणी तपासून घेतले, कोणत्या तुकडीच्या हाती गेले आणि सरकारने ते सेवेतून काढले का, याची नोंद त्याच्या अंगावरच असते. ही नोंद वाचण्याची विद्या म्हणजे जुन्या पोलिसी आणि लष्करी रिव्हॉल्व्हरांचा अभ्यास. या विद्येकडे नव्याने वळणाऱ्या मराठी वाचकाचे मी मनापासून स्वागत करतो.

शस्त्रसंग्रहाचे प्रकार पुष्कळ आहेत. कुणाला शिकारीच्या बंदुका आवडतात, कुणाला चांदीच्या नक्षीची पिस्तुले. त्यांच्याशेजारी सेवेतले रिव्हॉल्व्हर अगदी साधे दिसते. त्याचे मोल त्याच्यामागच्या दप्तरात आहे. सरकारने घेतलेल्या प्रत्येक हत्यारामागे गरजेचा अहवाल असतो, चाचण्या असतात, मंजुरीची तारीख, कंत्राट, तपासणी, वाटप, दुरुस्ती आणि शेवटी निर्लेखन असते. मोडी कागद हाती घेणारा संशोधक मजकुराआधी कागद, शाई, शिक्का आणि मोर्तब पाहतो; रिव्हॉल्व्हरच्या अभ्यासकालाही तीच शिस्त लागते. हत्यार आणि दप्तर एकमेकांशी जुळले, की एका लहानशा वस्तूतून राज्यकर्त्यांचे धोरण, कारखान्याची कारागिरी आणि ते वापरणाऱ्या शिपायाची अडचण, तिन्ही एकदम दिसू लागतात.

मूळ तत्त्व सोपे आहे. एका नळीमागे फिरणारे सिलिंडर, त्यात पाच-सहा कप्पे, आणि घोडा मागे जाताना पुढचा कप्पा नळीसमोर येऊन पक्का अडकणे. कल्पना जुनीच. फिरत्या कप्प्यांच्या तोड्याच्या बंदुका हिंदुस्थानातही घडवल्या गेल्या होत्या. १८१८ मध्ये एलिशा कोलिअरने इंग्लंडमध्ये चकमकीच्या फिरत्या हत्याराचे पेटंट घेतले. मात्र केपा प्रचारात आल्यावरच ही कल्पना खऱ्या अर्थाने चालू लागली. सॅम्युअल कोल्टने १८३५ मध्ये इंग्लंडचे आणि १८३६ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळवले. त्याआधी १८३० मध्ये, सोळा वर्षांचा असताना, तो ‘कॉर्वो’ नावाच्या जहाजावर कलकत्त्याच्या सफरीला निघाला होता आणि त्या सफरीतच त्याने आपल्या हत्याराचा लाकडी नमुना कोरला, असे सांगितले जाते.

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात दोन विचार समोरासमोर आले. कोल्टच्या हत्याराचा घोडा प्रत्येक बाराला अंगठ्याने मागे ओढावा लागे आणि त्याचा सांगाडा वरून उघडा होता. पण त्याचे भाग यंत्रावर कापलेले होते. रॉबर्ट ॲडम्सचा सांगाडा एकसंध होता आणि चाप ओढला की घोडा आपोआप उचलून पडत असे. मात्र अंगठ्याने घोडा चढवून निवांत नेम धरण्याची सोय त्यात नव्हती. कोल्टने १८५३ मध्ये लंडनमध्ये कारखाना काढला आणि तो १८५६ मध्ये बंदही झाला. रॉयल इंजिनिअर्समधील फ्रेडरिक बोमाँट या अधिकाऱ्याने ॲडम्सच्या रचनेत दोन्ही सोयी एकत्र आणल्या, आणि हे बोमाँट-ॲडम्स १८५६ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारले. पुढच्याच वर्षी उत्तर हिंदुस्थानात उठाव झाला, तेव्हा कोल्ट आणि ॲडम्स दोन्ही बनावटींची हत्यारे इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला होती. त्या संघर्षाच्या वर्णनांत येणारे रिव्हॉल्व्हर केपाचे आणि ठासणीचे आहे, हे ध्यानात ठेवले तर ते पुन्हा भरायला लागणारा वेळ आणि त्या वेळेत माणसाचे असहाय होणे नीट कळते.

धातूच्या काडतुसाने पुढचे पाऊल टाकले. सिलिंडर आरपार छेदून त्यात मागून काडतूस घालण्याचे अमेरिकी पेटंट रॉलिन व्हाइटचे होते. ते हाताशी धरून स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये आपले पहिले छोटे रिव्हॉल्व्हर काढले आणि १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपेपर्यंत अमेरिकेतल्या इतर कारखानदारांना ती वाट बंद राहिली. १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने कोल्टचे .४५ बोअरचे सिंगल ॲक्शन आर्मी घेतले. मधोमध मोडून उघडणाऱ्या रचनेचे मोठे गिऱ्हाईक रशिया ठरला. स्मिथ अँड वेसनची हजारो रिव्हॉल्व्हरे तिकडे गेली.

या सगळ्यांत नवख्याने एका घराण्यापासून सुरुवात करावी, असे मला वाटते. मी बर्मिंगहॅमचे वेब्ली सुचवतो, कारण त्याच्या पिढ्या स्पष्ट आहेत आणि त्याचा आपल्या इतिहासाशी थेट संबंध आहे. १८६८ मध्ये रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी या पोलीस दलाने वेब्लीचे आखूड, एकसंध सांगाड्याचे रिव्हॉल्व्हर घेतले आणि त्या दलाच्या आद्याक्षरांवरूनच ते ‘आरआयसी’ म्हणून जगभर विकले गेले. १८८७ मध्ये सैन्याने .४५५ बोअरचे मार्क वन स्वीकारले. अंगठ्याने बाजूची कळ दाबली की रिकिबीच्या आकाराचा अडसर सुटतो, नळी खाली झुकते आणि चांदणीच्या आकाराचा निष्कासक सहाही रिकामी काडतुसे एकदम बाहेर ढकलतो. मार्क टू १८९४ चे, थ्री १८९७ चे, फोर १८९९ चे, फाइव्ह १९१३ चे आणि सहा इंची नळीचे, चौकोनी मुठीचे मार्क सिक्स १९१५ चे. आकड्यापुढे तारका दिसली, तर मूळ नमुन्यात नंतर मान्य फेरफार झाला असे समजावे. प्रत्येक बदलामागे कुणाची तरी तक्रार किंवा रणांगणावरचा अनुभव होता.

हे कारण शोधण्यातच या अभ्यासाचा खरा आनंद आहे. १९३२ मध्ये ब्रिटिशांनी .४५५ सोडून हलके .३८ बोअरचे एन्फिल्ड नंबर टू घेतले, कारण थोड्या सरावात तयार होणाऱ्या सैनिकाला मोठ्या बोअरचा धक्का आवरणे कठीण जाई. १९३८ मध्ये त्याच हत्याराच्या घोड्याची शेपटी काढून टाकली गेली. आता ते फक्त चाप ओढूनच चालवायचे. रणगाड्यातल्या सैनिकांची तक्रार होती की आत-बाहेर करताना ती शेपटी अडकते. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे उभे आहेत. त्यांची अरुंद झाकणे पाहिली, की ही तक्रार वेगळी समजावून सांगावी लागत नाही. या एन्फिल्डच्या रचनेवरून वेब्लीने सरकारकडे भरपाई मागितली होती आणि संशोधकांना मोबदला देणाऱ्या शाही आयोगाने त्यांना १,२५० पौंड दिले. सरकारी कारखाना आणि खासगी कारागीर यांच्यातला हा वाद दोन्ही हत्यारे शेजारी ठेवली की डोळ्यांनी पारखता येतो.

पोलिसांच्या हत्यारांची कथा निराळ्या चालीने जाते. सैन्याला जोर हवा असतो. पोलिसाला दिवसभर कमरेला बाळगता येईल, वर्षानुवर्षे क्वचित चालले तरी ऐनवेळी दगा देणार नाही असे हत्यार हवे असते. १८९६ मध्ये थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष असताना त्या दलाने कोल्टचे .३२ बोअरचे न्यू पोलीस हे एकच प्रमाणित हत्यार ठरवले आणि नेमबाजीच्या प्रशिक्षणाकडे लक्ष दिले. १८९९ मध्ये स्मिथ अँड वेसनने मिलिटरी अँड पोलीस काढले. त्याचे सिलिंडर डावीकडे बाहेर वळते. हीच रचना पुढे मॉडेल टेन या नावाने विसाव्या शतकभर पोलिसांच्या हाती राहिली. १९२७ पासून कोल्टचे ऑफिशियल पोलीस तिच्या स्पर्धेत होते. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘व्हिक्टरी’ आवृत्तीवर अनुक्रमांकाआधी व्ही हे अक्षर असते आणि चकचकीत निळाईऐवजी करडा, खरबरीत लेप असतो. ब्रिटनने स्मिथ अँड वेसनला नव्या हलक्या रायफलीसाठी दिलेले आगाऊ पैसे ती रायफल फसल्यावर रिव्हॉल्व्हरांच्या रूपाने फेडले गेले. त्यामुळे अमेरिकेत घडलेली, पण ब्रिटिश काडतुसाची हजारो हत्यारे साम्राज्यभर पसरली.

इतर देशांच्या नमुन्यांतून एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिसतात. सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून वायू निसटतो. बेल्जियमच्या लिएजमधील लिओन नागाँच्या १८९५ च्या रचनेत घोडा चढताना सिलिंडर पुढे सरकते आणि काडतुसाचे तोंड नळीत शिरून फट बुजते. रशियाने ही सात बारांची रचना तूला येथे पिढ्यान्‌पिढ्या बनवली. तिची काडतुसे मात्र एकेक करून भरावी आणि एकेक करून काढावी लागतात. फ्रान्सच्या १८९२ च्या नमुन्याचे सिलिंडर उजवीकडे वळते. जपानचे टाइप ट्वेंटी-सिक्स सम्राट मेजीच्या कारकिर्दीच्या सव्विसाव्या वर्षाचे, म्हणजे १८९३ चे.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे वळू. पहिली गोष्ट शिक्के. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांचे ठसे वेगळे, आणि काळाप्रमाणे त्यांची रूपेही बदललेली. लिएजचा ठसा लंबवर्तुळातल्या ईएलजी या अक्षरांनी ओळखू येतो. ब्रिटिश सरकारी मालकीचे बाणाग्र एकटे असते. दोन बाणाग्रे टोकाला टोक भिडवून ठोकली असतील, तर सरकारने ते हत्यार अधिकृतपणे विकून टाकले असा अर्थ. बाणाग्राखाली आय हे अक्षर असेल, तर ती हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. सोव्हिएत नागाँवर चौकोन आणि त्यातली तिरकी रेघ दिसली, तर त्याचे शस्त्रागारात नूतनीकरण झाले आहे. असे नमुने काही संग्राहक कमी लेखतात. मला ते पटत नाही. युद्धानंतर एका राज्याने आपली हत्यारे पुन्हा कशी सज्ज केली, याचा तो अस्सल पुरावा आहे.

दुसरी गोष्ट क्रमांक. सांगाड्यावरचा आणि सिलिंडरवरचा क्रमांक जुळतो का, हे आधी पाहावे. न जुळणे हा दोष असेलच असे नाही. पलटणीच्या आर्मोररने सुटे भाग बदलले असतील. पण जुळते म्हणून विकलेले आणि न जुळणारे निघालेले हत्यार ही फसवणूक आहे. तिसरी गोष्ट पृष्ठभाग. मूळ निळाई कडांवर आणि म्यानात घासल्या जाणाऱ्या जागी आधी झिजते, खाचांत टिकते. सगळीकडे सारखी चमक, गोलावलेल्या कडा आणि पुसट झालेली अक्षरे दिसली, तर कुणीतरी पॉलिशचे चाक फिरवले आहे हे नक्की. अशा चकचकाटाने त्या वस्तूचा पुरावा कायमचा जातो. म्हणूनच या क्षेत्राचा पहिला नियम असा, की जुन्या हत्याराला उजळवू नये. सुटा गंज हलक्या हाताने, तेलाच्या बोळ्याने काढावा, घामट बोटांचे ठसे पुसावेत आणि दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, ते कातडी म्यानात ठेवू नये. कातडे ओल धरते आणि पोलाद खाते.

फेरफारांबाबतही डोळा तयार करावा लागतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक मार्क सिक्सच्या सिलिंडरची मागची बाजू तासून ती .४५ एसीपी काडतुसासाठी बदलली गेली. या काडतुसाचा दाब मूळ रचनेला झेपेल त्यापेक्षा अधिक असतो, त्यामुळे असे हत्यार चालवणे धोक्याचे आणि संग्रहाच्या दृष्टीनेही ते जखमी. पहिल्या महायुद्धातली वेब्लीला लावायची प्रिचर्ड संगीन फार थोडी तयार झाली होती. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक नंतरच्या नकला आहेत. अमेरिकी घोडदळाच्या कोल्टवर १८७३-७४ मधला तपासनीस ऑर्व्हिल एन्सवर्थ याची आद्याक्षरे असली की किंमत चढते, म्हणून ती आद्याक्षरे खोटी ठोकणारेही झाले. यावर उपाय एकच, अस्सल नमुने पुष्कळ पाहणे आणि दप्तराशी ताडून घेणे. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या जुन्या विक्रीवह्यांवरून अनुक्रमांकानुसार माहितीचे पत्र मिळण्याची सोय आहे. वेब्लीचा इतिहास विल्यम डॉवेल यांनी १९६२ मध्ये सविस्तर मांडला आणि ए. डब्ल्यू. एफ. टेलरसन यांनी एकोणिसाव्या शतकातल्या रिव्हॉल्व्हरांचा पेटंटनिहाय अभ्यास केला. हे क्षेत्र अशा चिकाटीच्या माणसांनी उभे केले आहे.

आपल्याकडचे धागे कमी नाहीत. ब्रिटिश अधिकारी आपले रिव्हॉल्व्हर स्वतः विकत घेत. सरकारी काडतूस चालले म्हणजे पुरे. त्यामुळे अनेक वेब्लींवर विक्रेत्याचे नाव कोरलेले असते, आणि त्यांत आर्मी अँड नेव्ही सोसायटीचे नाव वारंवार भेटते. तिची मुंबईतली इमारत काळा घोड्याला आजही त्याच नावाने उभी आहे. बार उडताच धक्क्यानेच पुढचे कप्पे फिरवणारे आणि घोडा चढवणारे विलक्षण वेब्ली-फॉस्बरी ज्याच्या डोक्यातून निघाले, त्या जॉर्ज फॉस्बरीने १८६३ च्या वायव्य सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. काडतुसाच्या बुडावर केएफ ही अक्षरे दिसली, तर ते खडकीचे. आणि नळी मोडून उघडणारी वेब्लीची घडण आजही कानपूरच्या .३२ बोअरच्या भारतीय रिव्हॉल्व्हरमध्ये चालू आहे.

या धाग्यांत वेदनेचाही धागा आहे, आणि तो झाकून हा अभ्यास करता येणार नाही. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभे केले आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेचे वेब्ली या विषमतेचे दृश्य रूप होते. ज्यांनी तिला आव्हान दिले, त्यांच्या हत्यारांकडेही अचूक नजरेने पाहायला हवे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकमध्ये अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून, रिव्हॉल्व्हरमधून नव्हे. हा तपशील किरकोळ वाटेल. पण त्या ओळखीतूनच बेल्जियमचा कारखाना, लंडनचे इंडिया हाउस आणि चतुर्भुज अमीन यांच्या पेटीतून मुंबईत आलेली २० ब्राउनिंग पिस्तुले हा सगळा मार्ग उलगडतो. १९४० मध्ये उधमसिंगांनी कॅक्स्टन हॉलमध्ये वापरलेले स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर लंडनच्या पोलिसांच्या गुन्हे-संग्रहालयात ठेवलेले आहे. ही हत्यारे माणसे मारण्यासाठी घडली. त्यांची कारागिरी वाखाणताना हे सत्य नजरेआड करणारा संग्राहक अर्धाच अभ्यासक असतो.

कायद्याबाबत स्पष्ट बोलायला हवे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली हत्यारे पुरातन मानली जातात, त्यामुळे तिथल्या संग्राहकांसाठी ते वर्ष सीमारेषेसारखे आहे. भारतात तशी सवलत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ कालबाह्य, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट देते ती ते दुरुस्त करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे चालू शकत नसेल तरच. नुसते जुने असणे पुरेसे नाही. लष्करी काडतुसे चालणारी हत्यारे सर्वसाधारण परवान्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर जास्तीत जास्त २ अग्निशस्त्रे ठेवता येतात. वाड्याच्या माळ्यावर किंवा आजोबांच्या पेटीत रिव्हॉल्व्हर सापडले, तर ते उघडण्याचा, साफ करण्याचा किंवा विकण्याचा प्रयत्न न करता आधी पोलीस ठाण्याला कळवावे. शंभर वर्षांपूर्वीचे काडतूसही आत जिवंत असू शकते.

या मर्यादांमुळे मराठी वाचकाने हिरमुसू नये. हत्यार मालकीचे नसतानाही त्याचा अभ्यास उत्तम करता येतो. अनेक थोर अभ्यासक संग्रहालयांच्या आणि अभिलेखागारांच्या टेबलांवरच घडले. आपल्याकडे तर काम पुढ्यात पडलेले आहे. जुने परवाने, शस्त्रविक्रेत्यांच्या पावत्या, संस्थानांच्या शस्त्रागारांच्या याद्या, खटल्यांतल्या मुद्देमालाच्या नोंदी घराघरांत आणि दप्तरांत आहेत. पोलीस आणि लष्करातून निवृत्त झालेल्या आर्मोररांच्या आठवणी तर अजून कुणी लिहूनच घ्यायच्या आहेत. वाचकाला माझी विनंती एवढीच: असा कागद सापडला तर फेकू नका, त्याची प्रत काढा, त्यावरचा बोअर, बनावट आणि अनुक्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्या आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा इतिहास मंडळाला कळवा. मराठीत या विषयाचे पहिले नीट सूचिकार्य अशाच नोंदींतून उभे राहणार आहे.